थर्माकोलचा बांध

जगात जे जे खरं म्हणून मिरवतं, ते सगळं आपण थर्माकोलमध्ये जास्त चांगलं केलं असतं, असं माझ्या थोरल्या चुलत्यांचं ठाम मत आहे. उरवड्यात आमच्या घरामागं त्यांची पत्र्याची शेड आहे. गणपतीचे देखावे, लग्नाच्या कमानी, पुढाऱ्यांची सिंहासनं, सगळं तिथंच जन्माला येतं. एकदा ऐन पावसात त्यांना ताम्हिणीला नेलं, तर धबधब्याकडं बघून म्हणाले, "पांढरा लई झालाय." एका मांडवासाठी त्यांनी केळीचे खांब केले होते, त्यांची पानं शेजारणीच्या शेळीनं खाल्ली आणि शेळीनं अंथरूण धरलं. शेजारीण भांडायला आली. चुलत्यांनी तिला चहा पाजला आणि पुढं कित्येक दिवस येईल त्याच्यासमोर तिला उभं करून विचारलं, "शेळी फसली का न्हाई? सांग यांना." कुठंही गेले तरी बोटाच्या पेरानं वस्तू वाजवून बघायची त्यांना खोड. मारुंजीला भाचीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. भरल्या पंगतीत त्यांनी हॉलमधला खांब वाजवला आणि "पोकळ हाय" असं जाहीर केलं. भाचीच्या सासऱ्यांनी त्यानंतर त्यांना कशालाच बोलावलं नाही.

असा हा माणूस आमच्या वडिलांशी, म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाशी, मला मिसरूड फुटायच्या आधीपासून बोललेला नाही. कारण बांध. दोघांच्या भातखाचरांच्या मधला. दर नांगरणीला दोघंही एकमेकांवर बांध कोरल्याचा आळ घ्यायचे. मोजणी झाली, पंच बसले, काही उपयोग झाला नाही. मग दोघांनी एकाच गोडाऊनवाल्याला जमीन विकली, एकाच टेबलावर तोंडं फिरवून सह्या केल्या, आणि बुलडोझरनं दुपारच्या जेवणाआधी बांध सपाट केला. मला वाटलं, आता तरी संपलं. पण भिंतीला भिंत लागून राहणारे हे दोघं आजही माझ्या तोंडूनच बोलतात. "त्याला सांग, मोटार बंद कर." तो म्हणजे दोन हातांच्या अंतरावर उभा असलेला भाऊ. मी मान वळवायची आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. या निरोप्याच्या नोकरीत माझी उमेद गेली. दोघांचाही मला मनापासून राग येतो, आणि तो मी कधी लपवलेला नाही.

गेल्या वर्षी पुण्याची एक चित्रकार मुलगी चुलत्यांकडं आली. लवासात एका रिकाम्या हॉलमध्ये तिचं प्रदर्शन होतं, विषय गेलेली शेतं. तिला दोन खाचरं आणि एक बांध हवा होता.

"काका, बांध साधारण मधोमध घ्या. फील आला पाहिजे."

"मधोमध कसा? जितं हुता तितंच येनार."

पुढं अख्खा हिवाळा ते शेडमध्ये कोंडून होते. थर्माकोलवर गोणपाट, त्यावर डिंकात कालवलेला भुसा, काथ्याचं गवत, कडेला उंबर. एके दिवशी कधी नव्हे ते मला हाताला धरून आत नेलं आणि बांधाच्या पोटातली खेकड्यांची बिळं दाखवली. लहानपणी दोघं भाऊ त्यांत कोपरापर्यंत हात घालून खेकडे काढायचे, हे मला तेव्हा कळलं. वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं.

उद्घाटनाला मी वडिलांना घेऊन गेलो. "बघतो काय खोटं रचलंय," म्हणून ते आले. बांधाच्या कडेनं सावकाश चालत गेले. पलीकडं चुलते श्वास रोखून उभे. हा सगळा खटाटोप त्यांनी या एका माणसासाठी केला होता, हे त्यांच्या तोंडाकडं बघूनच मला समजलं. वडील उंबरापाशी थांबले आणि इतक्या वर्षांनी प्रथमच थेट भावाकडं बघून म्हणाले,

"उंबर माझ्या अंगाला हुता."

"निम्मा."

"निम्मा कुटला? मोजनी काढून बघ."

मग जे सुरू झालं ते सांगायला नको. लोक मोबाईल काढून गोल उभे राहिले आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी हरखून मला म्हणाली, "हे रविवारी परत करतील का दोघं?"

परतीच्या वाटेवर वडील एवढंच बोलले, "त्याला सांग, निम्मा बांध माझा हाय."

प्रदर्शन संपल्यावर ते सगळं भंगारात जायचं होतं. चुलत्यांनी टेम्पोत घालून घरी आणलं. मी निरोप सांगितला. त्यांनी वाद घातला नाही. तापलेल्या तारेनं त्यांनी तो बांध उभा कापला, उंबरासकट, आणि मी दुसरं टोक धरून उभा होतो. बिळं सगळी चुलत्यांच्या बाजूला गेली. आमचा अर्धा आम्ही रिकाम्या गोठ्यात टाकला.

दिवाळीनंतर एका सकाळी वडील मला गोठ्यात बसलेले दिसले. आमच्या अर्ध्या बांधाला कुणीतरी नवं बीळ कोरलं होतं, खाली थर्माकोलचे पांढरे दाणे सांडले होते. वडिलांचा हात कोपरापर्यंत आत होता. बराच वेळ त्यांनी तो बाहेर काढला नाही.

"खोली बरुबर घेतलीया," ते म्हणाले.

मी सवयीनं शेडकडं वळलो.

"कुटं निगालास? त्याला सांगू नको."