केळीला आज लागलेलं

आमच्या समोरच्या काकांइतका सावकाश माणूस बुऱ्हाणपुरात दुसरा नसेल. भर उन्हाळ्यातली तापीसुद्धा त्यांच्यापुढे घाईची वाटते. नेपानगरला कागद कारखान्यात असताना ते एका सहकाऱ्याकडून 'ताई ची' हा संथ चिनी व्यायाम शिकले आणि तेव्हापासून त्यांनी एकही पाऊल पायाला विचारल्याशिवाय टाकलेलं नाही. शनवारा चौकात रिक्षातून उतरतानाही आधी एक पाय खाली, त्यावर हळूहळू भार, मग दुसरा. "अंकल, उतर रहे हो के सोच रहे हो?" रिक्षावाला विचारतो. "एक उतर गया भैया, दुसरे को पूछ रहा हूँ." सकाळी ते गच्चीवर शिकवतात. कुणी दम कोंडला किंवा गुडघा पंजाच्या पुढे रेटला, की सराव थांबवून त्याला थेट चहाला बसवतात. नव्या माणसाला पहिला धडा केळ्याचा. दोघांनी समोरासमोर उभं राहून तळव्यांच्या मध्ये पिकलं केळं धरायचं, आणि ते न पाडता, न दाबता, सोबत सरकायचं. समोरच्याचा तोल आपल्या तळव्याला कळला पाहिजे, एवढीच ती आतली विद्या. मग केळं फळीवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी काळा डाग ज्याच्या बाजूला, जोर त्याने केला. "केळीला आज लागलेलं उद्या दिसतं," काका म्हणतात. त्यांचं घराणंच केळीवाल्यांचं. "गुडघ्याचंही तसंच."

मी मात्र बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटत वाढले. 'आतली ताकद' हे शब्द ऐकले की माझं डोकं तापतं. मागच्या हिवाळ्यात काकू न्हाणीत पडल्या. हाड सांधलं, धीर सांधला नाही. आता चालल्या नाहीत तर पुढे उठवणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी त्या पलंग सोडीनात, आणि काका रोज नुसते समोर उभे राहून त्यांना श्वास सोडायला सांगत. एके दिवशी मी भडकलेच.

"काका, तुमची अदृश्य शक्ती पुरे. त्यांना धरा आणि चालवा."

"अदृश्य काही नाही, पोरी. हाडं आहेत, भार आहे, श्वास आहे. ओढलं तर ती आखडेल. आखडली की पडेल."

"यांचं हळूहळू बघण्यात माझा जन्म गेला," पलंगावरून काकू म्हणाल्या. "आता पायही त्यातच जातील."

यावर काका हसले नाहीत. आत गेले आणि केळं घेऊन आले.

केळ्याची फुगीर बाजू काकांच्या तळव्याला, आतली काकूंच्या. काकू उठल्या. काका मागे मागे सरकत होते, काकू पुढे येत होत्या, आणि मी खुर्ची घेऊन त्यांच्या पाठीशी. बाहेर गल्लीतले यंत्रमाग धडधडत होते, तरी मला काकूंचा कोंडलेला दम ऐकू येत होता.

"सोड," काका म्हणाले.

काकूंनी दम सोडला. उंबऱ्याशी त्यांचा गुडघा लटलटला. मी हात पुढे केला.

"खुर्ची जवळ आण. हात नको," काका माझ्याकडे न बघता म्हणाले.

काकूंचा पाय उचलला गेला, तसाच अधांतरी थांबला. मला ओरडावंसं वाटत होतं. मग तो उंबऱ्यापलीकडे टेकला, त्यावर भार आला, आणि मागून दुसरा. काकू ओट्यावर उभ्या होत्या. मी सरकवलेल्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "अहो, आता चहा टाका. आणि तो तरी भरभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी फळी गाठली. काकूंची बाजू स्वच्छ पिवळी होती. फुगीर बाजूवर बोटांच्या चार काळ्या खुणा उमटल्या होत्या. काका केळं हातात घेऊन कितीतरी वेळ उभे राहिले.

ओट्यावरून काकूंनी विचारलं, "काय हो, कुणी दाबलं?"

"तूच," काका म्हणाले, आणि साल ओरबाडून दोन घासांत केळं संपवलं. त्या माणसाला घाई करताना मी तेवढं एकदाच पाहिलं.