हनुवटीखालचा डाग

लहानपणी माझं तोंड कधी मिटलेलं नसे. ओठ उघडे, जीभ खालच्या दातांवर पडलेली आणि श्वास तोंडातूनच. सगळी माणसं असाच श्वास घेत असतील, असा माझा समज होता. सकाळी उठले की घसा कोरडा ठणठणीत असायचा. रात्रभर झोपूनही अंग जड. कापूस वेचताना मी नेहमी सगळ्यांच्या मागं. शेजारणी मायला म्हणायच्या, "पोरीच्या तोंडात माश्या जातेत, बाई. मिटायला शिकव तिला."

माय येता-जाता माझी हनुवटी बोटानं वर ढकलायची. "मीट." मी मिटायची. थोड्या वेळानं छाती भरून यायची आणि तोंड आपसूक उघडायचं. मायला तो माझा हट्ट वाटायचा.

मला समजून घेणारं एकच माणूस होतं, माझा मामा. सिद्धेश्वरजवळ पूर्णेच्या काठानं तो मेंढरं राखायचा. तेव्हा तिथं धरण नव्हतं, नुसता चराऊ माळ होता. मामा मला कधी हसला नाही. एकदा मेंढरांमागं चालताना मी त्याला सांगितलं, "मामा, तोंड मिटलं की मला जीव गेल्यावानी व्हतं." मायलाही मी हे सांगितलं नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, याला कळलं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मायनं माझी तेल लावून वेणी घातली. "मामाकडं चाललो. तुला कोकरू देणार हाय म्हणला." बैलगाडीत मी वाटभर बोलत होते. माय डोळ्यांवर पदर ओढून बसली होती. तिला ऊन लागतंय असं मला वाटलं.

मामानं खरंच एक पांढरं कोकरू आणून माझ्या मांडीवर ठेवलं. बाजूला शेणकुटांचा विस्तव होता, त्यात विळा तापत घातलेला. मेंढीचं पोट फुगलं की मामा तिला डाग द्यायचा, हे मी पाहिलेलं होतं. कोकराला कुरवाळत मी विचारलं, "कोणच्या मेंढीला डागून राहिला, मामा?"

"हाय एक," तो म्हणाला.

मग त्यानं माझ्या मांडीवरचं कोकरू उचलून बाजूला ठेवलं आणि माझी मान धरली. मी पाय झाडायला गेले तर पाय हलेनात. ते मायनं धरले होते.

हनुवटीच्या खाली, गळ्याच्या वर त्यानं विळ्याचं टोक टेकवलं. दुखलं ते आता आठवत नाही. आठवतो तो मायचा पदर. तिनं तो तोंडात कोंबला होता आणि ती दुसरीकडं बघून रडत होती. मामानं जखमेवर तूप लावलं. "सैल पडलेला जबडा आता आवळून येईल," तो मायला म्हणाला. कोकरू आमच्याबरोबर गाडीतून घरी आलं. मी त्याला पुन्हा हात लावला नाही. पुढं मायनंच ते वाढवलं.

तोंड मिटलं, हे खरं. माणसांसमोर मी ते घट्ट मिटून बसायला लागले, कारण उघडं दिसलं तर पुन्हा विस्तव पेटेल अशी भीती होती. श्वास कोंडला की मी गोठ्यात जायची आणि तिथं तोंड उघडून हवा घ्यायची. जेवताना घास आणि श्वास एकदम जमेना, म्हणून ताटावरून अर्ध्यातून उठायची. मी वाळत गेले. बायांनी मायचं कौतुक केलं. पोरीला वळण लावलं म्हणाल्या.

वर्षभरानं माझा कान वाहायला लागला आणि ऐकू कमी यायला लागलं. माय म्हणाली, "वसमतला दवाखान्यात जाऊ." मी दाराची चौकट धरून बसले. दवाखाना म्हणजे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, पण "जाऊ" या शब्दावरचा माझा विश्वास उडाला होता. शेवटी बापानं उचलून गाडीत घातलं.

डॉक्टर वयस्कर होता, दखनीत बोलायचा. कानासाठी आणलं होतं, पण तो माझ्या तोंडाकडंच बघत राहिला. त्यानं कापसाचा एक धागा ओढून माझ्या नाकपुड्यांखाली धरला. "मुँह बंद कर, बेटी. अब सांस छोड़." मी जोर लावला. कापूस हलला नाही. त्यानं मायलाही तो दाखवला.

"नाक के पीछे मांस बढ़ गया है इसका. हवा जाने को रस्ताच नहीं. मुँह से सांस नहीं लेती तो मर जाती." मग माझी हनुवटी वर करून त्यानं विचारलं, "ये निशान कैसा?"

मी मायकडं पाहिलं. आता ती सांगेल असं मला वाटलं.

"चुलीवर पडली व्हती," माय म्हणाली. "लई वांड हाय पोरगी."

डॉक्टरनं मला विचारलंच नाही. विळ्यानं लागलं नव्हतं तेवढं मला ते वाक्य लागलं. डागताना निदान ती रडत होती.

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात ते वाढलेलं मांस काढलं. परत आल्यावर वसमतच्या डॉक्टरनं मला कळावं म्हणून मराठीत सांगितलं, "'न' म्हण. जीभ जिथं टेकली तिथंच राहू दे. ओठ मिटलेले, दात मोकळे, श्वास नाकानं." मी पाणी आणताना, भाकरी थापताना मनात 'न' म्हणत राहायची. पहिले काही आठवडे जीभ सारखी खाली घसरायची, मग टाळूला राहायला लागली. पहाटे घसा ओला असायचा. कान सुकला. हळद शिजवायचे दिवस आले तेव्हा गावभर पसरलेला तो वास मला पहिल्यांदा कळला. त्याआधी हळदीला वास असतो हे मला ठाऊकच नव्हतं. दात मात्र वेडेवाकडेच राहिले.

मामा दोनदा येऊन गेला. "आता बरी झाली ना," म्हणाला. डागाचाच गुण आला, असं तो अखेरपर्यंत सांगायचा.

मला न्हाण आल्यावर, सरकी काढत बसलो असताना मी मायला विचारलं, "तू खोटं काहून बोललीस डाक्टरसमोर?"

तिचे हात थांबले नाहीत. "मग काय सांगू? पाय म्या धरले म्हनून?"

"व्हय."

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना समदं," ती म्हणाली आणि सरकी घेऊन आत गेली.

ती वाईट नव्हती. मला ताप आला की ती उशाशी बसायची. पण त्यानंतर कुठं दुखतंय ते मी तिला सांगितलं नाही. ती विचारायची, "काय व्हतंय?" मी म्हणायची, "काई न्हाई."