हातवाली

तीन दिवस धुकं हटलं नव्हतं. दोरीवरच्या चादरी कालच्याइतक्याच ओल्या, म्हणून हातवालीने त्या तशाच इस्त्रीला घेतल्या. निखाऱ्यांची इस्त्री फिरली की चर्र व्हायचं आणि खोली वाफेने भरायची. कोपऱ्यातल्या सासूला सून दिसत नव्हती, पण तोंड चालू होतं.

"हात म्हणे बंगल्यांत टांगलेत. मग इथं इस्त्री कोण फिरवतंय?"

हातवाली हे नाव तिला चितारीच्या खोलीत मिळालं. चितारी मोठ्या घरच्या बायकांची चित्रं काढायचा. बायका चेहऱ्यापुरत्या बसायच्या आणि चार बैठकांत कंटाळायच्या. मग त्यांचा पोशाख हिच्या अंगावर चढायचा आणि चुण्या, खांदे, हात हिच्यावरून रंगायचे. "कातडं मी गोरं करीन," चितारी म्हणायचा, "बोटांची ठेवण कुठून आणू?" अकरा चित्रांत तिचे हात होते, पण कुठे पंखा आडवा आलेला, कुठे मांडीवरचं कुत्रं. बाराव्यात मात्र दोन्ही हात मांडीवर उघडे होते. रविवारी ते लोकांना बघायला ठेवणार होते. सासूला नेऊन दाखवायचं आणि तोंड बंद करायचं, एवढाच तिचा बेत होता.

दुपारी ती धुतलेले झगे चितारीकडे पोचवायला गेली, तर बाराव्या चित्रासमोर चित्रातल्या बाईंचा मुलगा उभा होता. चेहरा पुरा झाला आणि महिन्याभरात बाई वारल्या होत्या.

"चेहरा आईचाच आहे," तो म्हणाला. "पण हातांकडे पाहिलं की परकी बाई वाटते. काय चुकलंय ते कळत नाही."

"सावली हलकी करू? अंगठी घालू?" चितारीने विचारलं.

"नको. राहू दे. मी नेत नाही हे."

काय चुकलंय ते हातवालीला ठाऊक होतं. त्या बाईंचे सुती हातमोजे वर्षानुवर्षं तिच्याच इस्त्रीखालून गेले होते. डाव्या मोज्याची करंगळी मुद्दाम वाकडी शिवलेली; सपाट दाबली की तिथे घडी पडायची. ती बोलली नव्हती. कोणी विचारलं नव्हतं, हे खरं. सरळ हात छान दिसत होता, हेही खरं.

झगे खुंटीला लावून ती म्हणाली, "डावी करंगळी आत वळलेली होती त्यांची. मोज्यावरून सांगते."

मुलगा चित्राच्या जवळ गेला. "आई मोजे काढायची नाही कधी. मला झोपवताना तेवढे काढून केसांतून हात फिरवायची. एक बोट टोचायचं."

चितारी तिच्यावर वैतागला. "आधी सांगायला काय झालं होतं?"

"बोटं सरळ ठेव, हलवू नको, म्हणालात. नाही हलवली."

ती पुन्हा खुर्चीत बसली आणि करंगळी आत वळवून धरली. चितारीने जुना हात खरवडून काढला. हात अवघडून जाईस्तोवर ती ते बघत होती. नवं बोट उमटलं तसा मुलगा खिडकीकडे वळला. जाताना म्हणाला, "रविवार झाला की घरी नेतो."

घरी सासूने विचारलं, "रविवारी जायचं ना? का तीही थापच?"

"जाऊ की, आत्याबाई. उजवा माझा आहे. डावा ज्यांचा त्यांना दिला."

"उजवा पुष्कळ झाला. उष्टं त्यानंच काढतात."

हातवालीने इस्त्रीतली राख झाडली, नवे निखारे घातले. ओल्या बोटाने बूड तपासलं. उरलेल्या चादरींतली वरची ओढून घेतली.