शांत

गल्लीत कुणाचं तान्हं रडून रडून घर डोक्यावर घ्यायला लागलं, की बाया ते इस्त्रीवालीच्या खांद्यावर आणून टाकत. ती एका हाताने इस्त्री फिरवी, दुसऱ्याने पाठ थोपटी, आणि शर्टाची कॉलर होईतो पोर चिडीचूप. म्हणून तिला सगळे शांतामावशी म्हणत. या नावाचा तिला भारी तोरा होता.

तिच्या नातवाला आधी नुसती सर्दी होती. मग खोकला आला, छाती सूं सूं वाजू लागली. दीड महिन्याचा जीव, दोन घोट पिई आणि धाप लागून तोंड बाजूला करी.

"आई, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय बघा," सून म्हणाली. "दवाखान्यात नेऊ या ना."

"तुझं काय, इस्त्रीला चटका बसला तरी तू डॉक्टर बोलावशील!"

"किती रडतोय हो."

"आण इकडे. रडणं माझ्यावर सोड."

सुनेने त्याला क्षणभर घट्ट धरलं. मग दिलं. सासूपुढे तिचं कधी चाललंच नव्हतं.

मावशी थोपटत राहिली. इवल्याशा पोटाचा भाता तिच्या खांद्यावर धापा टाकत होता. रडणं कण्हण्यावर आलं, कण्हणंही विरलं. मान लुळी पडली.

"बघ," इस्त्री उभी ठेवत ती म्हणाली, "झाला की नाही शांत?"

सून जवळ आली. बाळाचे ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला, नळीने नाक साफ केलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"विषाणूचा आजार होता. त्याला मारणारं औषध नसतं. ऑक्सिजन द्यायचा, नळीने दूध द्यायचं, फुप्फुसं सावरेपर्यंत बाळाला तगवायचं. तेवढी सवड मिळाली नाही. रडत होता तोवर अंगात जोर होता. नंतर तो झोपला नव्हता, थकला होता." त्यांनी आवाज खाली आणला. "बाळ शांत झालं."

सून सासूकडे वळली. आजवर तिने 'आई'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"नाव राखलंत हो, शांतामावशी."

पुढे गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईने आपलं रडकं पोर मोठ्या विश्वासाने तिच्या खांद्यावर दिलं. थोपटताना ते गप्प झालं. मावशीचा हात थबकला. तिने त्याच्या मांडीला करकचून चिमटा काढला. पोर किंचाळलं.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" आईने ते हिसकावून घेतलं.

"रडू दे," मावशी म्हणाली. "रडू दे गं त्याला."

आतल्या खोलीत सून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.