आत्याच्या गोष्टींचा फोल्डर

माझी मुलगी देवासला हिंदी शाळेत शिकते. अक्षरं तीच, तरी मराठी वाचताना ती अडखळते आणि पुस्तक मिटून टाकते. म्हणून धारला एकटी राहणारी माझी आत्या, निवृत्त शिक्षिका, तिच्यासाठी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर गोष्टी वाचून रेकॉर्ड करू लागली. दीड वर्षात डी ड्राइव्ह भरत आला.

तो सगळा फोल्डर ई ड्राइव्हवर हलवायला मी एका रविवारी धारला गेलो. आत्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"आधी कॉपी कर रे, नंतर पुसू."

"कळतं मला," म्हणत मी सरळ कट केलं.

हिरवी पट्टी निम्म्यावर गेली आणि विंडो पांढरी पडली. माऊस फिरे, पण क्लिक काही होईना. दहा मिनिटं झाली. मला पाचची बस गाठायची होती.

"थांब ना जरा, कॉम्प्युटरचा दिवा लुकलुकतोय अजून," आत्या म्हणाली.

"हँग झालाय तो," म्हणून मी बटण दाबून धरलं.

पुन्हा सुरू केला तेव्हा ई ड्राइव्हवर गोष्टींची नावं दिसत होती, पण कितीतरी वाजेचनात. डी ड्राइव्हवरून तर त्या गेल्याच होत्या. माझा पारा चढला. "तू आधी काहीबाही दाबलं असशील!"

"असेल बाबा," ती हळूच म्हणाली. "परवा कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं, मी 'हो' केलं."

हार्ड डिस्क काढून मी देवासला दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने फाइल आपोआप उघडून दाखवणारा प्रीव्ह्यू बंद केला, चार-चार फायली करत कॉपी केल्या आणि अडणारी नेमकी फाइल शोधून काढली.

"भिया, बंद काहे को कर दिया? एक ही फाइल पे अटका था, थोड़ी देर में आगे बढ़ जाता. और कट क्यों किया? कॉपी करते तो ओरिजिनल तो रहता."

चाळीसेक गोष्टी कायमच्या गेल्या. उरलेल्यांसह डिस्क मी धारला पाठवली आणि आत्याच्या शेजाऱ्याने ती परत बसवून दिली.

फोनवर मी आत्याला एवढंच सांगितलं की बऱ्याचशा गोष्टी परत मिळाल्या. चूक कुणाची, ते सांगायला मला दोन महिने लागले. सांगितलं तेही धारला जाऊन, चहा घेताना, मान खाली घालून.

"जाऊ दे रे, होतं असं," ती म्हणाली.

पण फडताळात माइक फडक्यात गुंडाळून ठेवलेला दिसला. त्या रविवारनंतर तिने कॉम्प्युटरला हातच लावला नव्हता. आपल्या हातून पुन्हा काही बिघडेल, ही धास्ती.

"आता कर ना सुरू," मी म्हटलं.

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "महिनाभर झाला, अक्षरं फुटतात रे डोळ्यांपुढे. दोन ओळींत पाणी येतं. चूक माझी नाही, हे तेव्हाच म्हणाला असतास तर दहा-वीस तरी झाल्या असत्या."

तिने माझ्या कपात उरलेला चहा ओतला आणि मुलीचं शाळेचं कसं चाललंय, ते विचारू लागली.