शैलेंद्र केळुसकरांचा नकार

शैलेंद्र केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याचे, शिक्षणाने मरीन इंजिनियर आणि स्वभावाने हौशी. वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये घालवून ते आता सिंगापुरात एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात साहेब झाले होते. बुकित पंजांगला चौदाव्या मजल्यावर राहत होते. वयाची बावन्न वर्षं उलटली तरी लग्न म्हटलं की त्यांच्या अंगात येई. मग ते कुणाचं का असेना.

त्या शनिवारचं लग्न तर ते घरचंच मानत होते. जुन वेई दहा वर्षांपूर्वी, वडील गेले त्याच वर्षी, त्यांच्या हाताखाली कामाला लागला होता. पंपाला कान लावून बिघाड कसा ओळखायचा इथपासून मैत्रिणीशी भांडण झाल्यावर आधी फोन कुणी करायचा इथपर्यंत सगळं त्याला केळुसकरांनी शिकवलं. त्या दुसऱ्या विद्येचा उपयोग होऊनच आज शू मिन त्याच्या घरी येत होती.

चिनी लग्नात मोठा मान चहाचा. नवरानवरी घरच्या वडीलधाऱ्यांना बसवून एकेकाला दोन्ही हातांनी चहा देतात. त्यांनी तो प्यायला की सून घरची झाली. नाही प्यायला, तर ती त्यांना पसंत नाही असं सरळ समजायचं. आधी आजी, मग आई, मग काका-काकू. जुन वेईला काकाच नव्हता. त्या जागी केळुसकर नवराबायकोने बसावं असा त्याने हट्ट धरला. त्याच्या आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, जिला सगळे आ मा म्हणत, तेवढ्याच हट्टाने नाही म्हटलं. परका माणूस, त्याला आपल्या रीती काय ठाऊक, खुर्ची रिकामी राहिली तरी चालेल, असं तिचं म्हणणं. नातू ऐकेना तेव्हा ती गप्प बसली, पण ते गप्प बसणं म्हणजे होकार नव्हता. हे केळुसकरांच्या कानावर आलं होतं. आज आपलं काही चुकलं तर आजीचं खरं ठरेल आणि भर लग्नात पोराची मान खाली जाईल, ही धास्ती त्यांनी आठवडाभर घेतली होती.

म्हणून लेकीने, मधुराने, इंटरनेटवरून शोधून त्यांना नियमांची यादीच करून दिली. पांढरं घालायचं नाही, काळं घालायचं नाही, कप एका हाताने धरायचा नाही, चार हा आकडा तोंडातून काढायचा नाही. केळुसकरांनी यादी पाढ्यांसारखी पाठ केली. निघताना मधुरा एवढंच म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट एनीहाऊ, कॅन?" म्हणजे सिंगापुरी इंग्रजीत, उगाच काही भलतंच करू नका, जमेल ना? केळुसकरांनी छाती फुगवून कॅन म्हटलं.

आणि सकाळ तर त्यांनी गाजवली. सातच्या ठोक्याला नवऱ्याकडची पोरं वुडलँड्सला नवरीच्या दारी पोचली, तर लोखंडी जाळीच्या दारामागे मैत्रिणींची फौज उभी. आंबट, गोड, कडू, तिखट असं संसारातलं सगळं खाऊन दाखवा, मगच नवरी मिळेल, असा हुकूम सुटला. पोरांनी लिंबं कशीबशी चोखली, गोड तर सगळ्यांनीच खाल्लं, पण कच्च्या कारल्याला एकेकाचा चेहरा पडला. केळुसकर पुढे सरसावले. बायकोच्या, रत्नाच्या हातची कारल्याची भाजी त्यांनी सव्वीस वर्षं निमूट खाल्ली होती, त्यापुढे हे कारलं म्हणजे किस झाड की पत्ती. मिरच्यांची बशी आली तेव्हा त्यांनी दोन उचलल्या, चावल्या, आणि सोबत थोडं मीठ मिळेल का असं विचारलं. मैत्रिणी हबकल्या. मग नाचून दाखवा म्हणाल्या, तर या गृहस्थाने चिंचोळ्या कॉरिडॉरमध्ये वरातीतला नाच असा काही सुरू केला की शेजारची दारं उघडली आणि एक म्हातारे गृहस्थ गंजीफ्रॉकवरच त्यांच्यासोबत ठेका धरू लागले. दार उघडलं. जुन वेई आत धावला. केळुसकर घामाने निथळत होते आणि त्यांना अस्मान ठेंगणं झालं होतं.

त्याच नशेत ते तोआ पायोहच्या जुन्या फ्लॅटमध्ये आजीसमोर आले. डाळिंबी इरकल नेसलेली रत्ना तिथे आधीच पोचली होती. आजी दरवाजाकडे तोंड करून ताठ बसली होती. तिने आपला चहा घेतला, जुन वेईच्या आईने घेतला, आणि केळुसकरांना रत्नाशेजारी खुर्चीवर बसवण्यात आलं. लाल पोशाखातली शू मिन समोर गुडघ्यांवर बसली, कप दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाली, "अंकल, चहा घ्या."

केळुसकर प्रसन्न हसले, तळहात पुढे केला आणि म्हणाले, "नो नो, राहू दे, तू घे आधी."

यादीत हे नव्हतंच. असणार तरी कसं? दुसऱ्याच्या घरी कुणी काही पुढे केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा कशाला त्रास म्हणायचं, तिसऱ्यांदा बरं, अर्धा कप म्हणायचं, हे आईने लहानपणी त्यांच्या अंगात इतकं मुरवलं होतं की तो नको त्यांना स्वतःलाही ऐकू येत नसे.

खोलीत मात्र तो सगळ्यांना ऐकू आला. शू मिनच्या कपातला थोडा चहा बशीत सांडला आणि तिचे डोळे भरून आले. रत्नाने कोपर मारलं तेव्हा कुठे केळुसकरांच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळच्या साऱ्या पराक्रमावर त्यांनी एका शब्दात पाणी ओतलं होतं. कपाकडे हात न्यावा तर आता तेही चुकीचं ठरेल की काय, या भीतीने ते तसेच थिजले.

जुन वेई मात्र खो खो हसत सुटला. तो आजीकडे वळून तिच्या होक्कियन बोलीत भराभर सांगू लागला. यार्डात पहिले तीन महिने मी यांचा नको खरा धरला, हे बिचारे रोज बिनचहाचे राहायचे. मग कळलं की यांना तीनदा विचारावं लागतं.

आजीने केळुसकरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती, पार खोकला लागेपर्यंत हसत होती. बोलता येऊ लागल्यावर ती जे म्हणाली ते जुन वेईने सांगितलं.

"ती म्हणते, आमच्या गावीसुद्धा तीनदा नाही म्हणायचे. हल्लीची पोरं पहिल्याच वेळी हात पुढे करतात. याच्या आईने याला नीट वाढवलंय."

केळुसकरांच्या आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. इतक्या लांब, शेकडो चिनी लग्नं पाहिलेल्या या म्हातारीने आज तिचं नाव काढलं होतं.

आजीचं अजून संपलं नव्हतं. तिने शू मिनच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं आणि जरा दरडावूनच काही सांगितलं. जुन वेईचं हसू एकदम थांबलं. अंकल काय कुणालाही म्हणतात, टॅक्सीवाल्यालाही म्हणतात, यांना आ चेक म्हण, असं ती म्हणाली होती. आ चेक म्हणजे बापाचा पाठचा भाऊ.

म्हणजे आजीचा धाकटा मुलगा, एवढं केळुसकरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शू मिनने डोळे पुसले, कप पुन्हा पुढे केला. "आ चेक, चहा घ्या."

तिचं वाक्य संपायच्या आत केळुसकरांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि उरलेला सगळा चहा एका दमात पिऊन टाकला.