सावड की उक्तं

जगातला कुठलाही प्रश्न भातलावणीवर आणून सोडवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे साडू. चौक-कर्जत रस्त्यालगतच्या गावात राहून ते नवी मुंबईतल्या एका परदेशी कंपनीत आठ देशांतल्या शाखांच्या रजा सांभाळत. सगळ्या शाखांचं असलं काम कंपनीने एका ठिकाणी गोळा केलं होतं. त्याला म्हणे शेअर्ड सर्व्हिसेस म्हणतात. "म्हंजे सावड हो!" साडू सांगत. "आज समद्यांनी मिळून एकाची लावणी, उद्या दुसऱ्याची. आन् बाहेरच्या टोळीला ठरल्या पैशात उक्तं देऊन मोकळं झालं की आऊटसोर्सिंग." हे ज्ञान त्यांनी सासुरवाडीत प्रत्येकाला किमान चारदा पाजलं आहे. सासूबाईंनी एकदा पुरणपोळ्या विकत आणल्या, तर "मामी, काम बाहेर दिलंत?" असं म्हणून त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या.

माझ्या मुलीच्या लग्नात जावयाच्या आजोबांनी तांदळाची भाकरी मागितली. केटररचा वाढपी म्हणाला, "मेनूत नाय." मी वधूपिता घाम पुसतोय, आणि हे गृहस्थ मला टाळी मागतायत! "बगा, करारात नाय ती भाकर उक्त्यात मिळत नाय!" असा संताप आला म्हणता! पण पंधरा मिनिटांत शेजारच्या काकूंकडून गरम भाकऱ्या घेऊन आले तेही हेच.

गेल्या वर्षी कंपनीने यांचंच काम बाहेर द्यायचं ठरवलं. साडूंची नोकरी जाणार, आणि बाहेरच्या कंपनीतल्या मुलीला महिनाभर काम शिकवायचं तेही त्यांनीच. मला वाटलं, अर्धंमुर्धं शिकवतील. छे! ब्राझीलमधली कोण रजा मागायला लाजते, कुणाची बायको बाळंत व्हायचीय, सगळं तिला सांगत बसले. मी चिडून म्हटलं, "अहो, तुमच्या पोटावर पाय येतोय!" तर म्हणाले, "त्यात त्या रजा मागनाऱ्या मानसांचा काय दोष हाय, साडूभाऊ?"

आता ते घरीच असतात. परवा त्यांच्या ओटीवर बसलो होतो, तर त्या मुलीचा फोन आला. पोलंडमधल्या एकाचा कुत्रा मेला होता, त्याला दोन दिवस रजा हवी होती, आणि तिच्या नियमांत कुत्रा बसत नव्हता.

"दे गं पोरी," साडू म्हणाले. "एकटा असतो तो. मी दिली असती."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"त्याच्याशी दोन शब्द बोलायला पायजेत हो," ते म्हणाले. "पन आता मी त्याचा कोन?"